डाव्या हाताची धार

सातपूर, नाशिक
रविवार, १० जून २००१

गोरखदादा,

पायावर डोकं ठेवतो. पाय मागे घेतलेस तरी हरकत नाही, पण पत्र पुरं वाच.

अकरा वर्षांनी पुंजाला भाऊ कसा आठवला, असं लता वहिनी म्हणतील. त्यांना सांग, धाकट्या दिरानं चाकू केलाय. विकत आणलेला नाही, स्वतः ठोकून केलाय. कंपनीत कोणाला सांगावं तर लोक म्हणतात, त्यापेक्षा ओव्हरटाइम कर. संध्याला सांगायची गरज नाही, कारण गेले पाच महिने ती हा तमाशा बघते आहे. दिवसभर टूलरूममध्ये लोखंड घासणाऱ्या माणसानं सुट्टीच्या दिवशी घरी पुन्हा लोखंडच ठोकावं, हा तिच्या मते हलवायानं घरी येऊन जिलब्या तळण्यातला प्रकार आहे.

मागच्या अंगणात पत्र्याच्या जुन्या बादलीला आतून माती लिंपून भट्टी केली. हवेला हातानं फिरवायचा पंखा. लोखंड म्हणजे कंपनीच्या भंगारातली झिजलेली कानस, विचारून आणलेली. पहिला चाकू पाण्यात बुडवताच तडकला. दुसरा वाकडा झाला. तिसरा तेलात विझवला आणि मग संध्याच्या केकच्या ओव्हनमध्ये पिवळसर रंग येईपर्यंत तापवला, म्हणजे कडकपणा राहतो नि ठिसूळपणा जातो. तो मात्र झकास झाला. नानकटाईला अजून तेलाचा वास येतो, त्यामुळे घरात तो विषय काढायची सोय नाही.

कलमाचा चाकू आहे. पातं चार बोटांचं, मूठ बोरीच्या लाकडाची.

एकच घोटाळा झाला. घासताना लक्ष राहिलं नाही आणि धार उलट्या बाजूला पडली. आता तो तुझ्यासारख्या डावखुऱ्यालाच चालेल. होतं असं कधीकधी.

अंगठा कसा आहे? तुला लागलं तेव्हा मी नाशिकला पोचलो होतो, ते तुला माहीतच आहे.

पुंजा


सातपूर
गुरुवार, २८ जून

गोरखदादा,

उत्तर आलं नाही. अपेक्षा नव्हती, तरी पोस्टमन दिसला की संध्या माझ्याकडे बघते आणि मी पोस्टमनकडे.

चाकू विकायला ठेवलाय. घरात त्याचा काही उपयोग नाही. संध्या विळीशिवाय कशाला हात लावत नाही, चाकूनं कांदा चिरणं तिला चमच्यानं भाकरी खाण्यासारखं वाटतं. गंगेवर, गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात, गोटीराम म्हणून एक जण विळ्या, कोयते, खुरपी मांडून बसतो. पहिली पाळी संपली की मी त्याच्याकडे जातो. चाकू त्यानं आपल्या गोणपाटावर कोपऱ्यात ठेवून दिलाय. नवऱ्या मुलीसारखा तो दर आठवड्याला दाखवला जातो आणि दर आठवड्याला नापसंत होऊन घरी येतो.

गोटीरामला मी समजावलं, की कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. दुसरं अंग सपाट, ते काडीला टेकून चालतं म्हणून काप सरळ येतो. उजव्या हाताच्या माणसाला सपाट अंग एका बाजूला लागतं, डावखुऱ्याला दुसऱ्या. बाजू चुकली की चाकू काडीत चालायच्या ऐवजी वर उसळतो.

"म्हंजी ह्यो डावखुऱ्याचा हाय," तो म्हणाला. "बाजारात डावखुरं मानूस शंभरात चार. त्यातलं कलमं करणारं किती? कंपनीवाले, माल लय भारी हाय तुमचा, पण गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय."

"येईल कोणीतरी."

"आवो, दहा मिंटाचं काम. दुसऱ्या अंगानं घासून द्या, आज खपतो."

मी नाही म्हणालो. का नाही, ते त्यानं विचारलं. मी म्हणालो, परत धार बदलली तर पातं बारीक होतं. ते खरं आहे, पण कारण ते नाही.

काल एका माळ्यानं चाकू उजव्या हातात घेऊन काडीवर टेकवला. तो उसळला. त्याला काही झालं नाही, हसून ठेवून दिला त्यानं. मला मात्र बाजूच्या पोत्यावर बसावं लागलं. गोटीरामनं पाणी दिलं आणि म्हणाला, उन्हाचं टोपी घालत जा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बावीस वर्षांचा असताना एकदा दाखवला होता हात, आता पस्तिशीत पुन्हा.

पुंजा


सातपूर
गुरुवार, २६ जुलै

गोरखदादा,

काल नागपंचमी होती. बाजार भरला होता, पण गोटीरामची जागा रिकामी. ज्या दिवशी घरोघरी चिरायचं नाही, कापायचं नाही, त्या दिवशी धारेचा धंदा कोण मांडणार? हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्या रिकाम्या जागेपुढे जरा वेळ उभा राहिलो आणि घरी येऊन दिंडं खाल्ली.

आईच्या राज्यात विळी आदल्या संध्याकाळीच फडक्यात गुंडाळून फळीवर जायची. तुझा चाकू खुंटीवर. बोरीला डोळे भरून कलमं करायच्या हंगामात तो दिवसभर तुझ्या हातात असायचा, जेवतानासुद्धा मांडीशी. वर्षातून त्या एका दिवशी तेवढी त्याला सुट्टी.

जूनच्या पत्रातलं एक वाक्य दुरुस्त करतो. लक्ष राहिलं नाही म्हणून धार उलटी पडली, असं मी लिहिलं. ते खोटं आहे. मी दिवसभर ग्राइंडिंगचं काम करतो. केसाइतका फरक पडला तर मला हाताला कळतं. माझ्याकडून बाजू चुकत नाही.

चाकू तुझ्यासाठी केला. तुझ्या जुन्या चाकूसारखा, डोळे मिटून आठवून. पातं तेवढंच, धार त्याच अंगाला. पुरा झाल्यावर कागदात गुंडाळला, वर तुझा पत्ता लिहिला, आणि पोस्टाच्या दारातून परत आलो. मग विचार केला, विकूनच टाकावा. कोणीच घेत नाही हे बघून मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

पंचमीबद्दल अजून एक लिहायचं आहे. आज नको.

पुंजा


सातपूर
गुरुवार, ९ ऑगस्ट

गोरखदादा,

चाकू विकला गेला!

काल एक बाई आली. चाळिशीची असेल, पेठकडची. द्राक्षांची कलमं करायला तिकडून टोळ्या येतात, त्यांतल्या एका टोळीची. बरोबर भिका म्हणून मुकादम. त्याला कोयता घ्यायचा होता. घासाघीस चालू असताना बाईनं तो चाकू उचलला. डाव्या हातानं. मी बघतच राहिलो. तिनं शेजारच्या दातुणवाल्याकडून लिंबाची एक काडी घेतली, अंगठा खाली टेकवला आणि चाकू आपल्याकडे ओढला. एकदा या अंगानं, एकदा त्या. कागदासारखी पातळ पाचर निघाली.

"यो कुणी केला?" तिनं विचारलं.

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"यो माझे हाताचा आहा."

भिका म्हणाला, "सिंधुबाई, ठेव तो. तुझं काम पट्टी बांधायचं." मग मला म्हणाला, "काप मारायला गडी हायेत. हिचा डाव्या हाताचा काप वाकडा येतो."

"काप वाकडा नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमचे चाकू वाकडे आहात."

काडी तिनं त्याच्यापुढे धरली. भिकानं ती डोळ्याशी नेली, फिरवली, आणि खिशात टाकली. नऊ हंगाम ती दुसऱ्यांनी मारलेल्या कापावर पट्ट्या बांधते आहे, असं मला तिनंच सांगितलं. किमतीचं विचारू नको. गोटीराम म्हणतो, तुझ्यासारख्यानं धंद्यात पडू नये.

तरी शेवटपर्यंत माझं मन होत नव्हतं. ती कनवटीचे पैसे सोडत होती आणि मी चाकू फडक्यानं पुसत बसलो होतो. तेवढ्यात गोटीरामनं भिकाला विचारलं, टोळी आता कुठं? भिका म्हणाला, उद्या विंचूरकडं, महिना-सव्वा महिना तिकडंच. विंचूर म्हणजे तुझ्याच भागात. ते ऐकलं आणि मी चाकू दिला.

आता जे होईल ते होवो, असं लिहिणार होतो. पण तसं वाटत नाही. तिच्या हातात चाकू गेल्यापासून मला तिची बोटं दिसतात.

पुंजा


सातपूर
गुरुवार, ३० ऑगस्ट

दादा,

तीन बुधवार झाले, टोळीतलं कोणी बाजाराला आलं नाही. दीडशे कलमं मारल्यावर मूठ सैल झाली तर? पातं आतून तडकलेलं असलं आणि मला दिसलं नसलं तर? गोटीराम म्हणतो, लोक विळे घेऊन जातात, मी काय त्यांच्या मागं औषध घेऊन फिरू? त्याचं बरोबर आहे. पण त्याला खवखवत नाही, कारण त्यानं काही खाल्लेलं नाही.

तर आता लिहितो.

त्या वर्षी मी आयटीआय संपवून नुकता कंपनीत लागलो होतो. पंचमीला घरी आलो तो नवा धारेचा दगड घेऊन. आई आणि वहिनी वारुळाला गेल्या होत्या, तू कुस्त्या बघायला. घरात मी एकटा. खुंटीवर तुझा चाकू होता, त्या दिवशी कोणी हात न लावायचा. मी काढला. बघतो तर धार भलत्याच अंगाला. मला हसू आलं. म्हटलं, गावच्या लोहारानं आमच्या भावाला इतकी वर्षं उलटा चाकू वापरायला लावला. दोन तास घासून मी ती "बरोबर" केली. हातावरचे केस काढून बघितले. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. पंचमीला धारेला हात लावला म्हणून आई रागावेल, तेव्हा गुपचूप परत टांगला आणि पहाटेच्या बसनं नाशिकला आलो.

तू डावखुरा आहेस हे मी जन्मापासून बघत होतो, दादा. चाकूही डावखुरा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांनी आलो तेव्हा तुझ्या हाताला पांढरं बांधलेलं. शीर तुटली, अंगठा वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आई सगळ्यांना विचारत होती, पंचमीला धारेला हात कोणी लावला? तू म्हणालास, "मीच लावली धार." आणि माझ्याकडे बघितलंस. तुला सगळं कळलं होतं. तुझ्या चाकूची धार बदललेली तुला कळणार नाही, असं होईलच कसं? आणि घरात धारेचा दगड कोणाकडे होता?

मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

दहा गावांत बोरीचे डोळे तुझ्याच हातचे मागायचे लोक. ते बंद झालं. आई जाईपर्यंत तुला बोलली, की यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. तू ऐकून घेतलंस. तिच्या तेराव्याला पंगत उठल्यावर तू मला गोठ्याशी गाठलंस आणि एकच विचारलंस, "पुंजा, तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, बसची वेळ झाली.

तू हातासाठी बोलणं सोडलं नाहीस. त्या बससाठी सोडलंस. हे मला तेव्हाही कळत होतं.

धार मी लावली. मी लावली, दादा.

पुंजा


सातपूर
गुरुवार, २० सप्टेंबर

दादा,

सिंधुबाई काल आली. मी आधी तिची बोटं मोजली. दहाच्या दहा! कुठे चिंधी नाही, कुठे ओरखडा नाही. मी इतक्या जोरानं सुस्कारा टाकला की गोटीरामनं विचारलं, पाठ धरली का?

चाकू दाखवायला तिनं मुद्दाम आणला होता. मुठीला तिच्या घामानं काळपट रंग आलाय, पातं जसंच्या तसं. पहिल्या दिवशी भिकानं तिला दहा कलमं मारू दिली. दहाही जगली. दुसऱ्या आठवड्यात ती कापाला आणि पट्टी बांधायला भिकाची स्वतःची बायको. हे सांगताना सिंधुबाई पदराआड हसली.

मला वाटतं, तेरा वर्षांत मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. माझ्या हातची धार कोणाच्या तरी हातात चालली आणि रक्त आलं नाही. रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून खुरपी नीट लावत बसलो.

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली.

"येका बागेत बागवाला माझे जवळ येऊन उभा राहिला. म्हनला, बाई, तूबी डावी का? मी म्हनलं, हो. त्यानं चाकू मागितला. त्याचा आंगठा असा ताठ, लाकडासारखा. डावे हातात धरून काडी छाटली त्यानं. नीट नाय जमली, पन छाटली. मंग धारंकडं लई येळ बघत राहिला."

"काय म्हणाला?"

"इचारलं, कुणी केला? मी म्हनलं, नाशिकचा कंपनीतला माणूस आहा. नाव नाय ठाऊक. बोलताना खाली बघतो."

"मग?"

"मंग हसला. म्हनला, तोच."

एवढंच म्हणून तू बांधावरून निघून गेलास, असं ती म्हणाली. हसलास हे मी तिला तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा ती वैतागली.

पुंजा


सातपूर
गुरुवार, ४ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमन आला तेव्हा मी पाळीवर होतो. संध्यानं ते देवापुढे ठेवलं आणि मी घरी आल्यावर काही न बोलता चहा टाकायला गेली. त्यामुळे हात धुवून देवाकडे वळेपर्यंत मला कळलंच नाही. अक्षर तुझंच, डावीकडे कललेलं.

चार ओळी मला पाठ झाल्यात, तरी लिहून बघतो. "पत्रं मिळाली. सहाही वाचली. चाकू चांगला आहे, पण मूठ जाड पडते. माझा अंगठा वाकत नाही. माप घ्यायला ये."

संध्यानं ते वाचलं आणि कणीक मळायला घेतली. मी म्हटलं, आत्ता कशाला, जेवायला वेळ आहे. तर म्हणाली, जाताना घट्ट कणकेचा गोळा न्या. भावजींनी मुठीत आवळला की अंगठ्यासकट माप उमटेल, तुमच्या कंपनीच्या मोजपट्ट्यांना ते जमायचं नाही. बाई हुशार आहे. ओव्हनचं प्रकरणही तिनं मिटवून टाकलं, कालपासून नानकटाईला वास येत नाही म्हणते. मला अजून येतो, पण मी गप्प आहे. वहिनींसाठी डबाभर करून देणार आहे, तर तू आधी एक खाऊन बघ.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. परतीची गाडी बघितलेली नाही.

दुसरा चाकू बरोबर आणतोय. पातं तयार आहे, विझवून, तापवून झालंय. मूठ बसवलेली नाही, ती तुझ्या मापानं तिथेच करू. धारही लावलेली नाही. दगड पिशवीत घातलाय, तोच, तेरा वर्षांपूर्वीचा. कुठल्या अंगाला लावायची ते तू सांग. मग मी लावतो.

पुंजा